ग्लायडर शिकताना पॅराशूट: पहिल्या दिवसापासून की सोलो झाल्यावर?

निळाई

नमस्कार मंडळी. गेले चार महिने मी ग्लायडर उडवायला शिकतेय. ३१ उड्डाणं झाली, बहुतेक विंचवरून (जमिनीवरच्या यंत्राने दोर ओढून), आणि प्रत्येक वेळी मागे इन्स्ट्रक्टर. आमच्याकडे दोन आसनी ट्रेनरमध्ये कुणी पॅराशूट घालत नाही. सोलो झालेली मंडळी एकट्याच्या ग्लायडरमध्ये बसताना मात्र घालतात. मी कारण विचारलं तर उत्तर मिळालं की शिकाऊ उड्डाणं ३००-४०० मीटरच्या आत आटोपतात, तेवढ्यावरून उडी मारून काय उपयोग, उगाच पाठीला ओझं कशाला.

तेव्हा मला ते पटलं. पण गेल्या आठवड्यात एरोटोने (दुसऱ्या विमानामागे दोराने ओढून) ९०० मीटरवर नेऊन सरांनी पहिल्यांदा स्पिन, म्हणजे ग्लायडरचं गोल फिरत कोसळणं, दाखवला. जमीन समोर गरगरत होती आणि माझ्या पाठीमागे फोमची उशी होती. सर अगदी शांत होते, दोन फेऱ्यांत बाहेरही काढलं. तरी घरी आल्यापासून ती उशी डोक्यातून जात नाही.

तुमच्याकडे काय पद्धत आहे? ४०० मीटरवर पॅराशूट खरंच निरुपयोगी असतं का? आणि मी आग्रह धरावा, की चार महिन्यांच्या शिकाऊने गप्प बसावं?

वातकुक्कुट

आमच्याकडे पहिल्या उड्डाणापासून सगळ्यांना. पाहुण्यांनासुद्धा. पॅराशूट नाही तर बसायचं नाही, त्यावर चर्चाच होत नाही. आग्रह धरा.

मागची_सीट

निळाईताई, विचारलंत ते फार बरं केलंत. मी २२ वर्षं शिकवतोय, आणि इतकी वर्षं ज्यावर ठाम राहिलो त्या थोड्या गोष्टींपैकी ही एक.

विंचचा दोर ८० मीटरवर तुटला तर पॅराशूट कामाचं नाही, हे खरं आहे. तिथे नाक खाली, वेग, आणि सरळ समोर उतरणं. पण पॅराशूट त्या प्रसंगासाठी नसतंच. उडवण्याजोगं ग्लायडर हातात उरत नाही तेव्हा ते लागतं. थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) दुसऱ्याशी धडक झाली, शेपूट गेलं, पंख मोडला, किंवा जोडणी करताना एलेव्हेटरचा (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटावरच्या फळीचा) सांधा नीट बसला नव्हता आणि ते वर गेल्यावर कळलं. यातलं काहीही शिकाऊ आणि कसलेला असा भेद करत नाही. उलट चांगल्या दिवशी एकाच थर्मलमध्ये सहा-सात ग्लायडर फिरत असतात तेव्हा शिकाऊ माणसाची नजर वेगमापकावर जास्त आणि बाहेर कमी असते. फ्लार्म, म्हणजे धडकेचा इशारा देणारं यंत्र, २००४ मध्ये आलं आणि त्याने मोठी मदत झाली, पण ते इशारा देतं, धडक थांबवत नाही. शिवाय समोरच्याकडे ते नसेल तर तो त्याला दिसतच नाही.

आता माझा खरा मुद्दा. नुसतं पॅराशूट घालून काही होत नाही, बाहेर पडता आलं पाहिजे. मी दर हंगामाच्या सुरुवातीला ग्लायडर जमिनीवर उभं करतो, विद्यार्थ्याला पॅराशूटसह बसवतो, पट्टे आवळतो आणि घड्याळ लावतो. 'बाहेर!' म्हटलं की हूड (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण), पट्टे, बाहेर. एक चांगला तरणाबांड मुलगा होता, सोलोच्या तोंडावर आलेला. पहिल्या खेपेला १९ सेकंद लागले. हूडचा लाल दांडा त्याने बरोबर ओढला, पण पट्ट्यांच्या मध्यावरचं बकल सोडताना हात गेला थेट पॅराशूटच्या छातीवरच्या बकलवर. ते उघडलंही. म्हणजे हा गडी पॅराशूट अर्धं काढून विमानाबाहेर पडला असता! चौथ्या खेपेला ८ सेकंदांवर आला आणि हात चुकला नाही. त्या मुलाचा उतरलेला चेहरा आठवतो म्हणून मी हा सराव कधीच टाळत नाही.

तेव्हापासून प्रत्येक उड्डाणाआधी, दोर लावण्यापूर्वी, विद्यार्थ्याकडून मोठ्याने म्हणवून घेतो आणि म्हणताना हात त्या त्या जागी न्यायला लावतो: हूड, पट्टे, बाहेर, ओढ. हे सोलोनंतर शिकवायचं म्हटलं तर ते अंगवळणी कधी पडणार?

आणि हो, १०० टक्के आग्रह धरा. चांगल्या इन्स्ट्रक्टरला असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी हवाच असतो.

जुना_दोर

थोडं विरुद्ध बाजूने लिहितो, राग नसावा. मी पॅराशूटशिवाय शिकलो आणि अनेक वर्षं तसाच उडलो.

शिकाऊंचे अपघात बहुतेक कुठे होतात? उड्डाण घेताना, सर्किटमध्ये (उतरण्याआधी मैदानाभोवतीच्या फेरीत), उतरताना. तिथे छत्री उघडायला उंचीच नसते. मग जो वेळ आणि जी ताकद आपल्याकडे आहे ती दोर तुटण्याच्या सरावावर आणि शेवटच्या वळणातल्या वेगावर खर्च करावी असं मला मनापासून वाटतं. दुसरं म्हणजे पाठीवर छत्री आहे या भरवशावर माणूस ढगाच्या जरा जास्त जवळ जातो, गर्दीच्या थर्मलमध्ये जरा जास्त वेळ रेंगाळतो. तिसरं, क्लबची पॅराशूट कशी वापरली जातात ते मी पाहिलंय. गवतावर फेकलेली, दवात भिजलेली, कुणीतरी उशाला घेतलेली. अशा पॅराशूटवर विसंबण्यापेक्षा नसलेलं बरं.

गुरुत्व

४०० मीटरबद्दल विचारलंय म्हणून आकडेमोड करून पाहू.

स्पिनमध्ये किंवा मोडक्या अवस्थेत ग्लायडर सेकंदाला ३० मीटर खाली जातंय असं धरा. नाक सरळ खाली असेल तर ५० धरा, तो ताशी १८० किलोमीटरचा वेग झाला. ८ सेकंदांत बाहेर पडणाऱ्याची २४० मीटर उंची जाते. छत्री पूर्ण फुलायला २ ते ३ सेकंद, त्यात आणखी ८०-१०० मीटर. म्हणजे ४०० मीटरवर निर्णय घेतला तर तो साधारण ६०-८० मीटरवर छत्रीखाली लटकलेला असेल. अगदी काठावर, पण जिवंत. १९ सेकंद घेणाऱ्याचे ५७० मीटर नुसते बाहेर पडण्यात जातात. ५० मीटरच्या हिशेबाने पाहिलं तर ८ सेकंदवालाही ४०० मध्ये वाचत नाही.

थोडक्यात, ४०० मीटरवर उपयोग आहे की नाही हे उंचीवर जितकं ठरतं तितकंच तुमच्या हातांवर. एकेक सेकंद ३० ते ५० मीटरचा. आणि निळाई, तुमचा स्पिन ९०० मीटरवर होता. तिथे 'उंची पुरत नाही' हे कारण लागूच पडत नाही.

जमिनीवर आदळण्याबद्दलही सांगतो. गोल छत्री माणसाला सेकंदाला साधारण ५ ते ६ मीटरने खाली आणते. ६ मीटरचा वेग म्हणजे सुमारे १.८ मीटर उंच भिंतीवरून उडी मारल्याइतका आघात. पाय जुळवलेले, गुडघे किंचित वाकवलेले आणि कुशीवर लोळण घेतली तर बहुधा निभावतं. पाय फाकवून ताठ उतरलात तर घोटा गेला म्हणून समजा.

वातकुक्कुट

@जुना_दोर, भरवशाने माणूस बेफिकीर होतो हा मुद्दा फार जुना आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश निरीक्षण फुग्यांतल्या माणसांना पॅराशूट होती, लढाऊ वैमानिकांना नव्हती. वजन आणि जागा ही कारणं होतीच, पण वैमानिक विमान लवकर सोडून देतील ही शंकाही होती. जर्मन वैमानिकांना १९१८ मध्ये ती मिळू लागली आणि कित्येक जण वाचले.

तेव्हा असंही मानत की मोकळ्या हवेत कोसळणारा माणूस शुद्धीवर राहत नाही, त्यामुळे त्याला स्वतः दोरी ओढता येणार नाही. २८ एप्रिल १९१९ रोजी लेस्ली अर्विनने अमेरिकेतल्या मॅकूक फील्डवर विमानातून उडी मारून स्वतःच्या हाताने छत्री उघडून दाखवली. उतरताना त्याचा घोटा मोडला. (गुरुत्व यांचं गणित तिथेही लागू!) त्याच मैदानाजवळ ऑक्टोबर १९२२ मध्ये हॅरल्ड हॅरिस डळमळणाऱ्या विमानातून उडी मारून वाचला आणि त्यातून पुढे कॅटरपिलर क्लब उभा राहिला, पॅराशूटने जीव वाचलेल्यांचा. तेव्हाची छत्री रेशमाची असायची, म्हणून रेशमाच्या किड्याचं नाव.

एकदाच

मी या धाग्यावर लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. लिहितो.

बऱ्याच वर्षांपूर्वी १,१०० मीटरवर, थर्मलमध्ये, मागून-खालून दुसरं ग्लायडर आलं. मला ते दिसलं नाही. आवाज मोठा झाला नाही, एखादी सुकी फांदी मोडावी तसा झाला. पुढच्या क्षणी स्टिक सैल. पुढे ढकलली, मागे ओढली, काहीच नाही. नाक खाली गेलं आणि ग्लायडर डावीकडे फिरू लागलं.

इथे मी वेळ घालवला. मला वाटत राहिलं की जरा वेग वाढला की पकड येईल. तीन सेकंद असतील, पाच असतील. आजही वाईट वाटतं ते त्या सेकंदांचं. हूड उडवलं तसा चष्मा गेला आणि वाऱ्याचा असा आवाज आला की विचारच बंद झाले. पट्टे सोडले. उठायला गेलो तर उठता येईना. ग्लायडर फिरत असल्यामुळे अंग सीटला चिकटलेलं. सरळ वर उठण्याचा नाद सोडला, डाव्या काठावर कोपर टेकवलं आणि पोत्यासारखा बाहेर लोळलो.

त्यानंतर हँडल सापडेना. ते डाव्या छातीवर असतं हे मला शंभर वेळा सांगितलेलं होतं. मी उजवीकडे चाचपत होतो. शेवटी मान खाली घालून बघितलं, दिसलं, दोन्ही हातांनी ओढलं. मग एक हिसका, आणि एकदम इतकी शांतता की खाली कुणीतरी कुणाला तरी हाक मारतंय ते ऐकू आलं. एक बूट पायात नव्हता. नांगरलेल्या शेतात उतरलो, घोट्याचं हाड चिरलं. दुसरा वैमानिक आपलं ग्लायडर घेऊन सुखरूप उतरला. त्याचाही जीव वाचला याचा आनंद माझ्या वाचण्याइतकाच आहे.

मला त्या आधी कुणी जमिनीवर बाहेर पडण्याचा सराव दिला नव्हता. पॅराशूट घालायचो कारण त्याशिवाय सीटमध्ये पाठ टेकत नव्हती. एवढंच. मागची_सीट सर, तुम्ही जे करता ते करत राहा. आणि विद्यार्थ्यांना एक वाक्य जास्तीचं सांगा: आधी बघा, मग पकडा, मग ओढा.

मागची_सीट

@एकदाच, तुमचं वाक्य आजपासून माझ्या ब्रीफिंगमध्ये आलं. मनापासून आभार.

घडीदार

मी पॅराशूट तपासून घडी घालण्याचं काम करतो. जुना_दोर यांचा तिसरा मुद्दा अगदी बरोबर आहे, फक्त निष्कर्ष उलटा हवा. वाईट ठेवलेलं पॅराशूट सोडून द्यायचं नाही, नीट ठेवायचं.

माझ्याकडे येणाऱ्या पॅराशूटवर उन्हाने विटलेले पट्टे असतात, घामाचे पांढरे डाग असतात, कधी कप्प्यात गवताचं बी. नायलॉनला ऊन खातं आणि ओलही चांगली नाही. दिवस संपला की पिशवीत, पिशवी कोरड्या खोलीत. उचलताना खांद्याच्या पट्ट्याला धरून उचला, हँडलला कधीच नाही.

घालण्याआधी तीन गोष्टी बघा, अर्धा मिनिट लागतो. पाठीवरचं झाकण उघडून पिना सरळ आणि पूर्ण आत आहेत का, सीलचा दोरा अखंड आहे का, आणि कार्डावरची घडीची तारीख. अमेरिकेत नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याचं असेल तर मागच्या १८० दिवसांत घडी झालेली लागते, रेशीम किंवा दुसरा नैसर्गिक धागा असेल तर ६० दिवसांत. बाकी ठिकाणी मुदत वेगळी असते, निर्मात्याची पुस्तिका सांगेल ती पाळा.

सगळ्यात जास्त चूक दिसते ती मांडीच्या पट्ट्यांची. बसताना टोचतात म्हणून लोक ढिले ठेवतात. छत्री फुलते तेव्हा तो हिसका मांड्यांवर यायला हवा. पट्टे ढिले असले तर हार्नेस वर सरकतो आणि माणूस त्यातून निसटूही शकतो. उभं राहिल्यावर किंचित वाकायला लावतील इतके आवळा.

काही क्लबांत आपोआप उघडणारी पॅराशूट असतात, त्यांची दोरी ग्लायडरच्या आतल्या कडीला अडकवलेली असते. हात न लावता छत्री उघडते हा मोठाच फायदा, विशेषतः नवख्यासाठी. पण उतरल्यावर ती दोरी सोडायची आठवण हवी. माझ्या डोळ्यांदेखत एक बाई छान उतरल्या, हूड उघडलं, आनंदात टुणकन बाहेर पडल्या आणि चार पावलं गेल्या तोवर मागे सगळी छत्री गवतावर पसरली. वाऱ्याचा दिवस होता. तिघांनी धावत जाऊन ती कवटाळली नसती तर त्या फरफटल्या असत्या.

निळाई

इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल सगळ्यांचे आभार. @एकदाच, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. अजून एक शंका. पॅराशूट घातलं की मी सीटमध्ये पुढे सरकेन आणि वजनही वाढेल. मी हलकी आहे, आधीच शिशाची वजनं टाकावी लागतात.

मागची_सीट

वजन वाढलं तर तुमचा फायदाच. कॉकपिटच्या पाटीवर जे किमान आणि कमाल वजन लिहिलेलं असतं ते पॅराशूटसह मोजतात. ६-७ किलो तिथेच भरून निघतील. पण शिसं कमी करायचं की नाही ते पाटी बघून आणि वजनकाट्यावर उभं राहून ठरवा, अंदाजाने नको. धोका भारी माणसाला, तो कमाल मर्यादेच्या वर जाऊ शकतो.

बसण्याबद्दल: बहुतेक ग्लायडरची सीट पाठीवर पॅराशूट असेल हे धरूनच घडवलेली असते. ते काढलं की मागे उशी लागते, आणि मऊ उशी ही स्वतंत्र संकट आहे. विंचच्या हिसक्याला ती दबते, माणूस मागे जातो आणि स्टिक हातापासून लांब होते. नाक वर असताना हे होणं किती वाईट ते तुम्हाला सांगायला नको. उशी वापरायचीच तर कडक, दाबल्यावर हळू परतणाऱ्या फोमची.

गुरुत्व

नियमांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. जागतिक ग्लायडिंग स्पर्धांमध्ये प्रत्येकाला पॅराशूट सक्तीचं आहे. अमेरिकेत सोबत दुसरं माणूस असताना ६० अंशांहून जास्त कलायचं किंवा नाक ३० अंशांहून वर-खाली करायचं तर सगळ्यांनी पॅराशूट घालावं लागतं, पण परवान्यासाठी आवश्यक स्पिन प्रमाणित इन्स्ट्रक्टर शिकवत असेल तर त्यातून सूट आहे. म्हणजे पहिल्यांदा स्पिन बघणारा विद्यार्थी नेमका या सवलतीत बसतो. कायद्याच्या दृष्टीने ते ठीक असेल, पण सूट आहे म्हणून घेतलीच पाहिजे असं नाही.

आणि बाहेर पडणं सोपं करण्यावरही काम झालंय. आखेनचे प्राध्यापक वोल्फ र‍्योगर यांनी ग्लायडरमधून बाहेर पडण्याचा अभ्यास केला. त्यांच्या नावाचा हूक हूडच्या मागच्या टोकाला असतो. हूड सोडलं की ते पुढून वर उचललं जातं आणि मागच्या हुकाभोवती फिरून निघतं, वैमानिकाच्या डोक्यावर आपटत नाही. जर्मनीतल्या डीजी कंपनीने 'नोआ' काढलं, त्यात सीटखालची हवेची पिशवी फुगून माणसाला कॉकपिटच्या काठापर्यंत उचलते. एकदाच यांनी जे कोपरावर केलं ते ती पिशवी करते. अख्ख्या ग्लायडरला खाली आणणारी रॉकेटवरची छत्री काही हलक्या ग्लायडरमध्ये मिळते, पण जुन्या ट्रेनरमध्ये ती नंतर बसवणं सोपं नाही. तिथे पाठीवरची छत्रीच.

जुना_दोर

घडीदार आणि एकदाच यांचं वाचून एवढं कबूल करतो की स्पिन आणि थर्मलच्या उड्डाणांना पॅराशूट हवंच. नुसत्या सर्किटबद्दल माझं मत अजून तेच आहे. दोर तुटण्याचा सराव आधी.

मागची_सीट

दोर तुटण्याचा सराव आधी, याला माझा पूर्ण दुजोरा. फक्त तोही मी पॅराशूट घालूनच घेतो, म्हणजे सवय एकच राहते.

निळाई

काल सरांशी बोलले. मला वाटलं होतं तितकं अवघड गेलं नाही. ते म्हणाले, क्लबात चार पॅराशूट आहेत, दोनची घडीची तारीख उलटलीये, ती करून आणू. तोवर एरोटो आणि स्पिनच्या उड्डाणांना उरलेली दोन ट्रेनरमध्ये. शिवाय रविवारी सगळ्यांचा जमिनीवरचा सराव ठेवला.

माझा पहिला वेळ १४ सेकंद, तिसऱ्या खेपेला ९. हूड आणि पट्टे झटकन झाले, पण तिन्ही वेळा बाहेर पडताना डाव्या मांडीच्या पट्ट्याचं लोंबतं टोक एअरब्रेकच्या दांड्यात अडकलं. दोनदा मागे बसून सोडवावं लागलं. यावर काय करायचं?

घडीदार

पट्टा आवळून झाला की उरलेलं टोक गुंडाळून त्याच पट्ट्यावरच्या इलॅस्टिकच्या फासात खोचा. फास तुटला असेल तर घडीला पाठवताना चिठ्ठी लावा, नवीन लावून मिळेल. रबरबँड किंवा चिकटपट्टी लावू नका. आणि पुढच्या सरावात उजवीकडून बाहेर पडून बघा, तो दांडा फक्त डावीकडे आहे.